न दिसणारी वास्तू : आचवल आणि राजा भास्कर

बीड जिल्ह्यात तत्त्वज्ञान शोधणारा अभ्यासक सहसा अंबाजोगाईला मुकुंदराजांकडे वळतो. मी वळलो एका विहिरीकडे, आणि तेही माधव आचवलांमुळे. आचवल वास्तुविशारद, बडोद्याच्या विद्यापीठात त्याच विषयाचे अध्यापक. १९६१च्या ‘किमया’त त्यांनी अवकाश, प्रकाश, आकार हे मोजमापाचे विषय अनुभवाचे केले. वास्तूत वावरायचे असते, ही जाण मराठी वाचकाला त्या पुस्तकाने दिली. त्यांच्या मागून आलेल्यांच्या लेखनात मात्र वावरणे गळाले आणि नुसते पाहणे उरले, असे माझे मत आहे.

बीडच्या कंकालेश्वराला ते पाहणे पुरते. मंदिर कुंडाच्या पाण्यात उभे आहे. दगड आणि त्याचे प्रतिबिंब एका नजरेत येतात. शहराच्या दक्षिणेच्या खजाना विहिरीपाशी नजर तोकडी पडते. मूर्तझा निजामशहाच्या राजवटीत (१५६५–१५८८) सलाबतखानाने ती बांधवली. स्थपती म्हणून राजा भास्कराचे नाव सांगितले जाते. काठावरून पाहणाऱ्याला दिसते ती एक गोल विहीर, आत थोडे पाणी. छायाचित्र काढून माणूस परततो.

आमच्याकडे विहीर म्हटली की मोट, नाडा, बैलांची धाव. पाणी वर येणार ते ओढल्यावर. इथे दोन भुयारी वाटांनी पाणी आत येते, तिसरीने बाहेर पडते आणि निव्वळ उताराच्या बळावर उत्तरेकडच्या शेतांना पोचते. बैल नाही, मोट नाही. (पाणी कधी आटत नाही, ही लोकांची श्रद्धा; तिच्या मुळाशी ही ये-जा असावी.) राजा भास्कराने ज्याला आकार दिला तो अवकाश माणसाच्या वावरासाठी नाहीच, तो पाण्याच्या वावरासाठी आहे. आचवलांची कसोटी इथे मोडत नाही. फक्त वावरणारा बदलतो. आलेले पाणी धरून न ठेवता पुढे देणारी ही विहीर म्हणजे साठा नसून मुक्काम आहे. तिचे काव्य म्हणायचे ते हेच, आणि तत्त्वज्ञानही.

हा निव्वळ रसग्रहणाचा वाद नाही. काठ आणि दगडी बांधकाम हीच वास्तू मानली, तर डागडुजीही तिथेच थांबते. भुयारांसकट ती वास्तू मानायची, तर जतनाचा नकाशा पाणी जिथे मुरते त्या वरच्या शिवारापासून काढावा लागेल. आणि तिथल्या विंधनविहिरी किती खोल गेल्या, हाही मग वास्तुसमीक्षेचा प्रश्न होतो.