पात्राविषयीची आस्था : तमाशाचा प्रेक्षक आणि व्हिडिओ गेमचा खेळाडू

१

कल्पित पात्राच्या दुःखाने खऱ्या माणसाचे डोळे का पाणावतात, हा साहित्यशास्त्रातील एक जुना प्रश्न होय. भरताच्या नाट्यशास्त्रापासून अभिनवगुप्तापर्यंत त्याची जी चर्चा झाली, तिच्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आढळते. ती म्हणजे आस्वाद घेणारा हा पाहणारा अथवा ऐकणारा असतो, करणारा नसतो. सहृदयाने हात हलवावयाचा नाही, हा नाट्यानुभवाचा अलिखित करारच आहे. व्हिडिओ गेम या कलाप्रकाराने हा करार मोडला. येथे पात्र चालते ते खेळाडूने चालविल्यामुळे, आणि पडते तेही बहुधा त्याच्याच चुकीमुळे. अशा स्थितीत खेळाडूला पात्राविषयी जी आस्था वाटते तिचे स्वरूप कोणते, आणि रसचर्चेतील संकल्पना तिला कितपत पुरतात, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

या विचारासाठी जुन्नर तालुक्याच्या पूर्व भागातील राजुरीचा परिसर सोयीचा आहे. राजुरीच्या जवळच नारायणगाव आहे. पाडव्याच्या सुमारास तेथे तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी यात्रेसाठी सुपारी देण्यास येतात. पात्र आणि प्रेक्षक यांच्या नात्याचा एक दीर्घ अनुभव या मुलखाच्या गाठीशी आहे. आज याच मुलखातील तरुणांच्या हाती मोबाइलवरचे खेळ आहेत. एकाच रसिकवर्गापुढे दोन कलाप्रकार उभे असल्यामुळे त्यांची तुलना केवळ तात्त्विक राहत नाही.

२

प्रथम तमाशाकडे पाहू. गण, गवळण, बतावणी आणि वग या क्रमाने रंगत जाणाऱ्या या प्रयोगात प्रेक्षकाला वगातील राजा वा प्रधान खरा वाटावा, असा आग्रह कोणी धरीत नाही. सोंगाड्या मध्येच गावातील चालू घटनेवर कोटी करतो आणि कथेचा भ्रम स्वतःच मोडतो. तरीही प्रेक्षक गुंततो, कारण पात्रामागे एक जिवंत देह राबत असल्याची जाणीव त्याला सतत असते. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (१९३५–२००२) यांच्याविषयीची आख्यायिका या संदर्भात अर्थपूर्ण आहे. प्रयोग चालू असता त्या पडद्याआड प्रसूत झाल्या व पुन्हा रंगमंचावर आल्या. तेव्हा वस्तुस्थिती ध्यानी येऊन प्रेक्षकांनीच हात जोडले आणि खेळ थांबविण्याची विनंती केली, असे सांगतात. त्या क्षणी प्रेक्षकांची आस्था पात्राला ओलांडून नटीपर्यंत गेली. तमाशात पात्राविषयीच्या आस्थेला नटाच्या श्रमाचे असे तारण असते.

व्हिडिओ गेममध्ये हे तारण नाही. पडद्यावरील आकृतीमागे घाम गाळणारा, थकणारा असा कोणी नट त्या क्षणी उभा नसतो. तेथे राबत असतो तो खेळाडू स्वतः. म्हणून आस्थेचा उगम शोधावयाचा तर तो खेळाडूच्या कृतीतच शोधला पाहिजे.

३

मराठी समीक्षेत या प्रश्नाच्या सर्वांत जवळ जाणारा सिद्धांत न. चिं. केळकर यांचा आहे. १९२१ साली बडोदे येथील साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून त्यांनी ‘सविकल्प समाधी’ची कल्पना मांडली. वाचक स्वतःची भूमिका न सोडता दुसऱ्याच्या भूमिकेत प्रवेश करतो आणि या दुहेरी अवस्थेतून वाङ्मयानंद निर्माण होतो, असा तिचा आशय आहे. खेळाडूच्या बाबतीत ही कल्पना जवळजवळ शब्दशः खरी ठरते. ‘मी उडी मारली’ आणि ‘तिने उडी मारली’ ही दोन्ही वाक्ये तो एकाच श्वासात उच्चारतो.

परंतु येथेच एक अडचण उद्भवते. अशा तादात्म्यातून आनंद मिळतो हे खरे. आस्था मिळतेच असे नाही. आपण स्वतःविषयी चिंता करतो, ती स्वार्थाची असते. स्वतःच्या सुखदुःखाने विवश होणे हे अभिनवगुप्ताने रसविघ्नांत गणले आहे, ते याच कारणास्तव. खेळातील नायिका कड्यावरून पडून मरण पावली असता खेळाडूच्या मनात प्रथम उमटतो तो शोक नसून ‘मी हरलो’ हा चरफडाट असतो. शिवाय ती दुसऱ्याच क्षणी मागल्या टप्प्यावर पुन्हा उभी राहते. वारंवार येणाऱ्या आणि लगेच परत फिरणाऱ्या मरणाला करुणेचे मोल उरत नाही. ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’सारख्या खेळात तरुण आपल्या आकृतीच्या पोशाखावर पैसेही खर्च करतात, परंतु त्या भावनेला ममत्व म्हणावे, आस्था म्हणू नये. नव्या गाडीविषयी मालकाला जे वाटते त्याच जातीची ती भावना आहे.

४

हा भेद तपासण्यासाठी पुणे येथील ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या संस्थेने निर्माण केलेला आणि २०२० साली प्रसिद्ध झालेला ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ हा खेळ उपयुक्त आहे. त्याच वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणातील उत्कृष्ट खेळाच्या पारितोषिकासाठी त्याचे नामांकन झाले होते. राजी ही कसरतीचे खेळ करणारी मुलगी. रक्षाबंधनाच्या उत्सवात असुरांचा हल्ला होतो आणि तिचा धाकटा भाऊ गोलू याला ते पळवून नेतात. दुर्गा व विष्णू यांच्या संवादातून कथा पुढे सरकते आणि महत्त्वाचे कथाभाग छायाबाहुल्यांच्या द्वारे दाखविले जातात.

या खेळाचे यश निःसंशय राजीच्या हालचालींत आहे. ती भिंतीवरून धावते, खांबाभोवती फिरून शत्रूवर झेप घेते. तिच्या कसरतीचा ताल खेळाडूच्या बोटांत उतरतो. केळकरांना अभिप्रेत असलेली दुहेरी अवस्था येथे सहज साधते. पण गोलूचे काय? संपूर्ण कथेचा हेतू तो आहे, आणि बहुतांश खेळात तो अनुपस्थित आहे. त्याच्यावरील राजीचे प्रेम खेळाडूला सांगितले जाते. ते करावयास मिळत नाही. त्याला उचलून घेणे, त्याची वाट पाहणे, त्याच्यासाठी एखादी सोपी वाट सोडून अवघड वाट धरणे, यांपैकी काहीच खेळाडूच्या वाट्यास येत नाही. देवतांचे निवेदन सुंदर असले तरी ते सूत्रधाराचे काम करते, सहवासाचे करीत नाही. राखीचा धागा कथेत आहे, कृतीत नाही. परिणामी राजीविषयी कौतुक वाटते, गोलूविषयी मात्र कर्तव्यापुरतीच काळजी राहते. खेळाचा शेवट अनेकांना तुटक वाटला, त्याचे एक कारण येथे सापडते. जी आस्था रुजलीच नाही, तिची पूर्ती करणे कोणत्याही शेवटाला अवघड आहे.

याउलट फुमितो उएदा यांनी दिग्दर्शित केलेला ‘इको’ (२००१) हा जपानी खेळ पाहावा. त्यातील मुलगा आणि योर्दा ही मुलगी यांना परस्परांची भाषा कळत नाही. तिचा हात धरावयाचा तर खेळाडूला एक कळ दाबून धरावी लागते. बोट सैल होताच हात सुटतो. येथे जिव्हाळ्याचे वर्णन नाही, त्याची क्रिया आहे. यावरून एक विधान करता येते : खेळाडू ज्याच्या रूपाने वावरतो त्याच्यापेक्षा ज्याच्यासाठी वावरतो त्याच्यावर त्याची आस्था जडते.

५

या विधानावर एक सबळ आक्षेप संभवतो. योझेफ फारेस यांच्या ‘ब्रदर्स : अ टेल ऑफ टू सन्स’ (२०१३) या खेळात दोन्ही भाऊ खेळाडूच्याच स्वाधीन असतात, थोरला एका हाताने, धाकटा दुसऱ्या हाताने चालवावयाचा. धाकट्याला पाण्याची भीती असल्याने तो थोरल्याला धरूनच नदी पार करतो. पुढे थोरला मरण पावतो. शेवटी एकट्या धाकट्यापुढे नदी येते, आणि आजवर थोरल्यासाठी वापरलेली कळ दाबल्यावरच तो पाण्यात उतरतो. थोरला हा खेळाडूचा ‘मी’च होता, तरी त्याच्या अभावाने हात रिता होतो.

तेव्हा वरील विधानाला मुरड घातली पाहिजे. पात्र ‘मी’ आहे की ‘तो’ आहे, यावर सर्व काही अवलंबून नाही. खेळाडूच्या कृतीला त्या पात्राच्या सोबतीची सवय लागली आहे काय, आणि ती सोबत सुटली असता कृतीतच उणीव भासते काय, हे निर्णायक आहे. ‘फायनल फँटसी ७’ (१९९७) मधील एरिथच्या मृत्यूने खेळाडू हादरले, त्याचेही मर्म हेच. जिला सोबत घेऊन इतक्या लढाया केल्या, तिची जागा रिकामी झाली आणि कोणत्याही कौशल्याने ती भरून निघेना.

सहवासाला आणखी एक अट आहे. सोबत्याला स्वतःची थोडी तरी इच्छा असली पाहिजे. उएदा यांच्याच ‘शॅडो ऑफ द कोलॉसस’ (२००५) मधील घोडा खेळाडूची प्रत्येक आज्ञा तत्काळ पाळीत नाही; तो अडतो, स्वतः वळतो. म्हणून तो वाहन न राहता सोबती होतो, आणि अखेरीस दरीत कोसळतो तेव्हा खेळाडूला ते लागते.

हे तत्त्व राजुरीच्या परिसराला अपरिचित नाही. जवळच आळे येथे, ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखातून वेद वदविले त्या रेड्याची समाधी आहे. पैठणहून परतताना तो या भावंडांसोबत होता आणि आळ्याला त्याने देह ठेवला, अशी श्रद्धा आहे. वेद वदविल्याचा चमत्कार पैठणचा. समाधी मात्र जेथे सोबत संपली तेथे. चमत्काराने विस्मय निर्माण होतो, वाटेतल्या सोबतीने आस्था, हा विवेक लोकमानसाने समीक्षेच्या कितीतरी आधी केलेला दिसतो.

६

सारांश, व्हिडिओ गेममधील आस्थेचा विचार केवळ तादात्म्याच्या आधारे करणे अपुरे आहे. सविकल्प समाधी खेळाडूला पात्राच्या देहात नेते. त्यापुढे आस्था उत्पन्न होण्यास सोबत, सोबत्याचे स्वातंत्र्य आणि न भरून येणारी हानी यांची गरज असते. रसव्यवस्थेतील सहृदय निष्क्रिय होता म्हणून त्याची करुणा निरपेक्ष राहिली. खेळाडू कर्ता आहे म्हणून त्याची करुणा जबाबदारीने रंगलेली असते. ही उणीव मानण्याचे कारण नाही. मात्र ती वेगळी अवस्था असल्याने तिला वेगळी परिभाषा लागेल. ‘राजी’सारख्या कृतीचे परीक्षण करताना तिच्यातील देवता व शिल्पे किती भारतीय आहेत, एवढेच विचारून समीक्षेचे काम भागणार नाही. भावाला सोडविण्यास निघालेल्या बहिणीचे प्रेम खेळाडूच्या हातून घडते की केवळ कानांवर पडते, हा प्रश्न तिने प्रथम विचारावयास हवा.