भेददर्शी द्रव्यांची परिभाषा : एक समीक्षा

शास्त्रीय परिभाषेची चर्चा आपल्याकडे बहुधा शब्दाच्या रूपापाशीच थांबते. शब्द संस्कृतोद्भव आहे की परकीय, सुबोध आहे की क्लिष्ट, एवढ्याच प्रश्नांचा ऊहापोह होतो. संज्ञा वस्तूविषयी काय सांगते आणि काय झाकून ठेवते, हा प्रश्न मात्र मागे राहतो. प्रस्तुत लेखात तो एका मर्यादित क्षेत्रापुरता तपासावयाचा आहे. चुंबकीय प्रतिमादर्शनाच्या, म्हणजे एमआरआयच्या, वेळी शरीरात सोडल्या जाणाऱ्या चुंबकीय अब्जांश कणांचे हे क्षेत्र होय. यातील शब्द केवळ प्रयोगशाळेत राहत नाहीत. ते रुग्णाने सही करावयाच्या संमतिपत्रापर्यंत जातात. तेथे शब्दाची चूक ही केवळ भाषेची चूक राहत नाही.

प्रथम वस्तूचे स्वरूप पाहू. एमआरआयमध्ये शरीरातील पाण्याच्या व मेदाच्या हायड्रोजन अणुकेंद्रांकडून संकेत मिळविला जातो. दीड टेस्ला क्षेत्रात या संकेताची वारंवारता सेकंदाला सुमारे ६ कोटी ४० लक्ष आवर्तने इतकी असते. शेजारच्या दोन ऊतींचे संकेत सारखेच असतील तर त्या प्रतिमेत वेगळ्या दिसत नाहीत. सोलापुरी चादरीचा ताणा व बाणा एकाच रंगाचा असेल तर नक्षी विणलेली असूनही डोळ्यांत भरत नाही, तसेच हे आहे. हा भेद वाढविण्यासाठी द्रव्य टोचले जाते. त्याचे दोन प्रमुख वर्ग आहेत. गॅडोलिनियमची संयुगे अमेरिकेत १९८८ पासून मान्य आहेत; ती सामान्यतः प्रतिमेचा भाग उजळवितात. लोहाच्या ऑक्साइडचे कण तेथे १९९६ मध्ये यकृताच्या तपासणीसाठी मान्य झाले. ते प्रामुख्याने प्रतिमेचा भाग काळवंडवितात.

या शास्त्राच्या नावांचा इतिहासही उद्बोधक आहे. पॉल लॉटरबर यांनी १९७३ मध्ये आपल्या नव्या पद्धतीस 'झ्यूग्मॅटोग्राफी' असे नाव दिले. 'जू' किंवा 'जोडणारे' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ते घडविले होते. लॉटरबर यांना पुढे २००३ मध्ये पीटर मॅन्सफील्ड यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले, परंतु त्यांचा शब्द रुजला नाही. रूढ झालेल्या नावातील 'न्यूक्लिअर' हे पदही रुग्ण बिचकतात म्हणून कालांतराने गळाले. संज्ञा शास्त्रज्ञ घडवितो, पण ती टिकविणे वा टाकणे हे वापरणाऱ्यांच्या हाती असते, असा याचा अर्थ आहे.

आता मराठी शब्दांकडे वळू. 'अब्जांश' हा शब्द निर्दोष आहे. 'नॅनो'चा मूळ ग्रीक अर्थ 'खुजा' एवढाच असून त्यातून कोणतेही परिमाण कळत नाही. मराठीत मात्र अब्ज म्हणजे शंभर कोटी, आणि अब्जांश म्हणजे त्याचा एक भाग; शब्द उच्चारताच माप सांगितले जाते. येथे मराठी संज्ञा मूळ संज्ञेहून सरस ठरते.

'लोहचुंबकीय कण' या शब्दाची गोष्ट याच्या उलट आहे. कण लोहाचा व चुंबकीय, तेव्हा हा शब्द विद्यार्थ्याच्या लेखणीवर सहज येतो. पण 'लोहचुंबक' म्हटले की मराठी वाचकापुढे सदैव चुंबकच राहणारा तुकडा उभा राहतो, आणि हे कण नेमके तसे नसतात. लोह-ऑक्साइडचा गाभा सुमारे २० अब्जांश मीटरहून लहान झाला की उष्णतेच्या चलनवलनाने त्याच्या चुंबकत्वाची दिशा सतत पालटत राहते. बाह्य क्षेत्र असेपर्यंत कण प्रबळ चुंबक असतो. क्षेत्र काढताच त्याचे चुंबकत्व उरत नाही. म्हणूनच कण परस्परांस चिकटून गुठळ्या होण्याचा धोका कमी होतो. डेक्स्ट्रानसारख्या शर्करेचे वेष्टन या कामी साहाय्य करते. म्हणजे ज्या गुणामुळे हा कण रक्तात सोडता येतो, त्याच गुणाचा 'लोहचुंबकीय' हे विशेषण निषेध करते. 'अतिसमचुंबकीय' हा शब्द कानास जड आहे खरा. पण तो खोटे बोलत नाही.

रुग्णालयाच्या बोलीत रूढ झालेला 'रंगाचे इंजेक्शन' हा प्रयोग अधिक विचारार्ह आहे. रंग म्हटला की रोगट भाग रंगून दिसेल, अशी समजूत होते. यकृतातील लोहकणांची कृती वेगळीच आहे. तेथील कुप्फर पेशी हे कण गिळतात. त्यामुळे निरोगी यकृत काळवंडते, आणि ज्या गाठीत अशा पेशी नसतात ती तुलनेने उजळ राहते. खूण निरोगी भागावर होते. रोग ओळखावयाचा तो खुणेच्या अभावावरून. भाषाशास्त्राच्या अभ्यासकास ही कल्पना नवी नाही. पाणिनीने 'लोप' ही संज्ञा करून अदर्शनालाही व्याकरणात स्थान दिले, आणि प्रागच्या संप्रदायाने अचिन्हित रूपही चिन्हिताइतकेच अर्थपूर्ण मानले. 'रंग' या शब्दात या अभावाला जागा नाही.

शिवाय 'रंग' या एका शब्दात लोह आणि गॅडोलिनियम दोन्ही बुडून जातात. गॅडोलिनियमच्या काही द्रव्यांचा मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णांतील एका गंभीर त्वचाविकाराशी संबंध २००६ मध्ये उघड झाला. फेरुमॉक्सिटॉल हे लोहद्रव्य मात्र २००९ मध्ये मूत्रपिंडविकारातील रक्तक्षयावरच मान्य झाले. प्रतिमादर्शनासाठीही ते वापरले गेले आहे. तेही सर्वस्वी निर्धोक नाही. तीव्र ॲलर्जीच्या धोक्याविषयी २०१५ मध्ये कडक इशारा देण्यात आला. कोणते द्रव्य टोचले जाणार हे रुग्णास कळणे म्हणूनच अगत्याचे आहे.

मग 'कॉन्ट्रास्ट'ला प्रतिशब्द कोणता? 'विरोधी द्रव्य' म्हटल्यास उताऱ्याचा भास होतो. 'व्यतिरेक' हा अलंकारशास्त्रात उपमेयाच्या आधिक्याचा वाचक, तर न्यायशास्त्रात अन्वयाचा प्रतियोगी. दोन दर्शनांत गुंतलेला शब्द तिसऱ्यास देणे इष्ट नव्हे. आमच्या मते 'भेददर्शी द्रव्य' हा शब्द योग्य ठरेल. भाग उजळो वा काळवंडो, द्रव्याचे कार्य भेद दाखविणे हेच असते.

यावर असा आक्षेप येईल की, 'कॉन्ट्रास्ट' हा शब्द रुळलाच आहे, तो का हलवावा? आक्षेपात तथ्य आहे. मराठी, कन्नड, तेलुगू व उर्दू एकत्र नांदणाऱ्या सोलापुरात असा उसना शब्द चौघांनाही समाईक होतो, आणि बोलण्यातून तो घालविण्याचा अट्टाहास व्यर्थ होय. परंतु उसना शब्द वस्तूकडे बोट दाखवितो, तिचा अर्थ सांगत नाही. दाते-कर्वे यांच्या १९४८ च्या शास्त्रीय परिभाषा कोशापासून आणि १९६० मध्ये स्थापन झालेल्या भाषा संचालनालयापासून आपल्याकडे परिभाषेचे कार्य झाले, ते मुख्यतः अध्यापक व अधिकारी यांच्यासाठी. रुग्ण हा परिभाषेचा तिसरा वाचक आहे. त्याच्या संमतिपत्रात 'कॉन्ट्रास्ट' या शब्दापुढे 'भेददर्शी द्रव्य' असे लिहून ते लोहाचे आहे की गॅडोलिनियमचे, एवढे एक वाक्य यावे. ज्या शब्दाखाली माणूस सही करतो तो त्याला कळला नसेल, तर त्या सहीस संमती म्हणता येणार नाही.