मुलांच्या गळ्यासाठी नवी चाल

सिल्वासात मराठी कार्यक्रम ठरला, की सुधीर फडक्यांचं एखादं गाणं त्यात असतंच. त्यामागे गाण्याच्या गोडीइतकंच इथल्या मातीचं ऋण आहे. १९५४ साली दादरा आणि नगर हवेली पोर्तुगिजांच्या ताब्यातून सुटली, तेव्हा बाबूजी, म्हणजे फडके, त्या लढ्यात होते. लढ्यासाठी पैसा उभा करायला पुण्यात हिराबागेत लता मंगेशकरांचा कार्यक्रम झाला, त्यामागेही त्यांचीच धडपड होती. २५ जुलैला त्यांना पस्तीस वर्षं पूर्ण झाली आणि २ ऑगस्टला सिल्वासा मुक्त झालं. ही हकिगत आपण मुलांना सांगतो आणि सांगत राहायला हवीच.

मला मात्र मुलांना त्यापुढचे आठ महिनेही सांगावेसे वाटतात. १ एप्रिल १९५५ला, रामनवमीच्या दिवशी, पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झालं. पुणे केंद्रावरच्या सीताकांत लाडांनी ते ग. दि. माडगूळकरांकडे मागितलं होतं. मग वर्षाहून थोडा अधिक काळ, आठवड्याला एक नवं गाणं याप्रमाणे, छप्पन्न गाणी झाली, शब्द माडगूळकरांचे आणि चाली बाबूजींच्या. गदिमा आणि बाबूजी दोघेही १९१९चे, म्हणजे दोघेही ऐन पस्तिशीतले. आज ज्याला आपण मराठीचा ठेवा म्हणतो, ते सगळं सांगून करून घेतलेलं काम आहे. प्रसारणाचा दिवस ठरलेला, शब्द हातात पडायला उशीर, आणि माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे यांच्यासारखे गळे समोर. त्या-त्या गळ्याला शोभेल अशी चाल बांधायची. कुणीतरी विश्वासानं मागितलं, म्हणून ते झालं.

आपल्या मुलांसाठी असं कोण मागतं? सिल्वासातल्या आमच्या मराठी मंडळात अकरा ते एकोणीस वयाची मुलं रविवारी सकाळी जमतात. दोन पेट्या, तबला, ढोलकी, एक बासरी, एक कीबोर्ड, आणि गणपतीच्या दिवसांत ढोल-ताशा. आईवडील खानदेशातून, कोकणातून, कोल्हापूरकडून पिपरिया, खडोलीच्या कारखान्यांत आलेले. शाळा कुणाची गुजराती, कुणाची हिंदी, बहुतेकांची इंग्रजी. मराठी वाचताना अडखळणारं मूल इथं गाताना एकही शब्द चुकत नाही. परमुलखात भाषा अशीच टिकते, यावर माझा पूर्ण भरवसा आहे.

अडचण येते ती गाण्याच्या निवडीत. आपल्याकडची थोर भावगीतं, नाट्यपदं, अभंग बांधले गेले ते तयार गळ्याच्या एकट्या गायकासाठी. ते मुलांच्या घोळक्याला दिलं की दर वेळी तीच ओढाताण. मुलींना काळी चारची पट्टी सोयीची, मोठ्या मुलांना काळी एकची, आणि तेरा-चौदाच्या मुलांचा आवाज फुटत असतो, त्यांना कुठलीच पट्टी धड लागत नाही. पेटीवाला पट्टी वर घेतो, मुलगे गप्प होतात. खाली घेतो, मुलींचे शब्द ऐकू येत नाहीत. फुटत्या आवाजाची मुलं हळूहळू मागच्या रांगेत सरकतात, नुसते ओठ हलवतात आणि वर्षभरानं यायची बंद होतात. गाणं वाईट नसतं आणि मुलंही कच्ची नसतात. ते गाणं त्यांच्यासाठी केलेलं नसतं, एवढंच.

ही जाण असलेला मोठा माणूस आपल्यात होऊन गेला. वसंत देसाई. सिंधुदुर्गच्या मातीतला, व्ही. शांतारामांच्या चित्रपटांचा संगीतकार. ‘दो आँखें बारह हाथ’मधली त्यांनी १९५७ साली बांधलेली प्रार्थना आजही देशभरातल्या शाळांत म्हटली जाते. पुढे त्यांनी ‘एक सूर एक ताल’ हा उपक्रम हाती घेतला आणि हजारो शाळकरी मुलांना मैदानावर एकत्र गायला उभं केलं. त्या प्रार्थनेची चाल एकदा नीट ऐका. श्वास घ्यायला जागा कुठे ठेवली आहे, सूर किती वर नेला आणि कुठे थांबवला, हे सगळं विचारपूर्वक आहे. मुलांसाठी सोपं करायला कसब जास्तच लागतं. १९७५ साली देसाई अपघातात गेले, आणि मुलांसाठी अशा ताकदीनं चाली बांधण्याचं काम आपल्याकडे मागं पडलं.

त्याहून जुनं उदाहरण मैहरचं. १९१८च्या सुमारास साथीत पोरक्या झालेल्या मुलांना अलाउद्दीन खाँसाहेबांनी गोळा केलं आणि त्यांचा बँड उभा केला. बंदुकीच्या नळ्यांचा नळतरंग केला आणि या मुलांना वाजवता येतील अशा रचना स्वतः बांधल्या. ज्यांच्याकडे पुढे रविशंकर आणि अली अकबर घडले, त्या उस्तादांना पोरक्या मुलांच्या बँडसाठी रचना करण्यात कमीपणा वाटला नाही. तो बँड मैहरमध्ये अजून वाजतो.

परदेशाकडे पाहिलं की मला हुरूप येतो. ब्रिटनमध्ये लिव्हरपूलच्या मिलापफेस्ट या संस्थेनं २००२च्या सुमारास ‘साम्यो’ नावाचा किशोरवयीन मुलांचा भारतीय वाद्यवृंद सुरू केला. सतार, सरोद, बासरी, व्हायोलिन, तबला, मृदंगम्, गळा, सगळं एकत्र. तिथं वाढलेल्या मुलांना हिंदुस्थानी आणि कर्नाटक संगीत शेजारी बसून वाजवायला मिळतं, आणि त्यासाठी रचना नव्यानंच कराव्या लागतात, कारण अशा मेळाला पुरेल असं तयार काही नसतं. लीड्सचा सतारवादक जसदीप सिंग देगुण याच साम्योत वाजवत मोठा झाला. २०२०मध्ये त्यानं सतार आणि पाश्चात्त्य वाद्यवृंदासाठी बांधलेली ‘आर्या’ ही रचना ऑपेरा नॉर्थच्या वादकांसह सादर झाली. मेळात बसलेलं पोर वीसेक वर्षांत रचनाकार होऊन उभं राहिलं. घरापासून इतक्या लांब ही कला टिकवणाऱ्या त्या संस्थेचं मला मनापासून कौतुक वाटतं. त्यांनी मुलांना जुनं दिलंच, पण नवंही त्यांच्या हाती सोपवलं.

ब्रिटनच्याच राष्ट्रीय युवा वाद्यवृंदासाठी २०१२ साली अ‍ॅना मेरेडिथ या तरुण संगीतकार बाईंकडून ‘हँड्सफ्री’ ही रचना करून घेतली गेली. वादकांनी वाद्यं खाली ठेवायची आणि टाळ्या, चुटक्या, पायांचे ठेके आणि आवाज यांवर सगळी रचना उभी करायची. लेझीम आणि टिपऱ्या पाहत वाढलेल्या आपल्या मुलांना हे किती जवळचं वाटेल!

आणि खरं सांगायचं तर तरुण रचनाकार आपल्या अंगणातच आहेत, आपण त्यांना तसं म्हणत नाही इतकंच. पुण्यात ज्ञान प्रबोधिनीच्या आप्पासाहेब पेंडशांनी शाळकरी मुलांच्या हाती ढोल दिला. तिथून ही पथकं शाळाशाळांत पसरली आणि आता अमेरिकेत, ब्रिटनमध्ये, आखातात मराठी मुलं कमरेला ढोल बांधतात. या पथकांत नवा हात, म्हणजे नवा ठेका, येतो कुठून? विशीतल्या एखाद्या ताशेवाल्याला तो सुचतो. आधी तो तोंडानं बोलून दाखवतो, मग ताशावर काढतो, मग ढोलाच्या ठोक्यांची वाटणी करतो, टोल कुठे पडायचा ते सांगतो. पन्नास वादकांच्या हातांना झेपेल, चालताना वाजवता येईल आणि वळणावर रांग मोडणार नाही, इतका हिशेब त्याच्या डोक्यात असतो. हे संगीतरचनेचंच काम आहे. या मुलाचं नाव आपल्या स्मरणिकेत छापलं गेलं पाहिजे.

गेल्या वर्षी आम्ही मंडळाकडून पहिल्यांदा असं एक गाणं मागितलं. रचनाकार आमच्याच वृंदातली, आमलीत राहणारी, बारावी होऊन नुकतीच कॉलेजात गेलेली मुलगी. विषय दमणगंगा नदी. मंडळानं तिला मानधन दिलं. रक्कम मोठी नव्हती, पण पाकिटावर तिचं नाव होतं आणि ते सभेत दिलं. तिनं जे केलं ते मला फार मोलाचं वाटतं. काळी एकचा पंचम म्हणजे काळी चार. तिनं मुलग्यांना काळी एकमध्ये ओळ दिली आणि तीच ओळ मुलींना त्यांच्या काळी चारमध्ये दिली. मुलगे म्हणतात, मुली वरून उत्तर देतात, कुणालाच गळा ताणावा लागत नाही आणि ऐकणाऱ्याला दोन काठांवरून हाका आल्यासारखं वाटतं. फुटत्या आवाजाच्या मुलांसाठी तिनं तीनच सुरांचा एक तुकडा बांधला. तो सगळ्या गाण्यात परत परत येतो आणि त्यांच्यावाचून गाणं उभंच राहत नाही. मागच्या रांगेतली ती मुलं आता वेळेआधी येतात. त्यांचं कुठे अडतंय हे तिला ठाऊक होतं, कारण दोन वर्षांपूर्वी ती त्याच रांगेशेजारी उभी होती.

तिला तारपाही हवा होता. खानवेल, दुधनीकडचे वारली भोपळ्याचा, बांबूच्या नळ्यांचा हा तारपा फुंकतात. वाजवणारा मध्ये, नाचणाऱ्यांची साखळी भोवती, आणि त्यानं चाल बदलली की पावलं बदलतात. श्वास तुटू न देता तासन्‌तास फुंकायचं, हे साधं काम नाही. पण तारप्याचे सूर त्याचे स्वतःचे असतात, पेटीच्या पट्ट्यांशी ते जुळत नाहीत. रंगत आणायला पेटीच्या गाण्यात तारपा डकवू नये, हे मी तिला सांगितलं आणि तिला ते पटलं. तारपा आला तर त्याच्या सुरांना धरून बाकीच्यांनी गायचं, तारपेवाल्याचं नाव रचनाकाराच्या बरोबरीनं लिहायचं आणि मानधनही तेवढंच. त्यासाठी त्याच्या पाड्यावर जाऊन बसावं लागेल. हे गाणं वेगळं होईल आणि त्याला वेळ लागेल.

दुसऱ्या मंडळांना असं काही करायचं असेल तर आमच्या अनुभवातून एवढं सांगते. गाणं मागताना आपल्या मुलांची माहिती नीट लिहून द्या. किती मुलं, कुठल्या पट्टीची, कोण काय वाजवतं, कोण अजून शिकतंय. चार मिनिटांपेक्षा लांब नको. रचनाकाराला निदान दोन तालमींना बोलवा, कारण अर्धी रचना तिथंच सुधारते. फोनवरच्या रेकॉर्डिंगवर थांबू नका, स्वरलिपी लिहून घ्या. भातखंडे आणि पलुस्कर यांनी आपल्याला लिपी दिली ती यासाठीच. लिहिलेलं गाणं टोरांटोच्या किंवा सिडनीच्या मराठी शाळेतल्या बाईही उघडून शिकवू शकतात. आणि ते एकाच कार्यक्रमात संपू देऊ नका. पहिल्यांदा मुलं फक्त चुका टाळत असतात, रंग दुसऱ्या-तिसऱ्या वेळी भरतो.

आमचं दमणगंगेचं गाणं गुढीपाडव्याला झालं. दुसऱ्या अंतऱ्यात ताशा आला की शब्द बुडतात, हे रचनाकार मुलीनं स्वतःच टिपलं. ताशेवाला तिच्याहून वर्षानं लहान. रविवारी तालीम संपल्यावर दोघं जिन्यात बसून तो अंतरा पुन्हा बांधताहेत. २ ऑगस्टच्या कार्यक्रमाला हे गाणं पुन्हा आहे.