शौर्य आणि थकलेला पगार

सत्तावनच्या बंडावरील आमच्या कथा-कादंबऱ्यांत शिपाई शपथा घेतो, लढतो, मरतो. पगार मात्र क्वचितच मागतो. मागितलाच, तर लेखक त्यास फितुरांच्या पंक्तीत बसवितो. हा निवाडा आम्हांस अन्यायाचा वाटतो.

येथे लखनौत १८५७ च्या जुलैत बिर्जिस कद्र गादीवर आला, त्या प्रसंगी पलटणींच्या देशी अंमलदारांनी दरबारास अटी घातल्या. वजीर व पलटणींचे नायक फौजेच्या संमतीने नेमावेत आणि इंग्रजांची चाकरी सोडल्या दिवसापासून पगार दुप्पट मिळावा, अशा त्या अटी होत. हीच फौज पुढे मार्च १८५८ पर्यंत या शहरासाठी झुंजली. पानिपतापूर्वी, १७६० साली, भाऊसाहेबांनी दिल्लीच्या दिवाण-इ-खासातील रुप्याचे छत उतरविले, तेही फौजेच्या खर्चासाठीच.

या दृष्टीने विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' आम्ही श्रेष्ठ मानतो. घरचे कर्ज फिटावे म्हणून दक्षिणेच्या आशेने निघालेला हा वरसईचा भिक्षुक आपली मिळकत व तिची लूट आडपडदा न ठेवता सांगतो. म्हणूनच झाशीच्या संहाराचे त्याचे वर्णनही विश्वसनीय वाटते. लखनौचे अमृतलाल नागर यांनी हा ग्रंथ हिंदीत नेला, यात नवल नाही.

आमच्या कादंबरीकारांनी त्यापासून एवढे तरी घ्यावे: थकल्या पगाराची मागणी मुखी घातल्याने शूराचे शौर्य उणावत नाही.