नोटाबंदीवरील एक भाषण

विरोधी बाकांवरून डॉ. मनमोहन सिंग यांनी २४ नोव्हेंबर २०१६ रोजी राज्यसभेत केलेले भाषण लहान, परंतु भारदस्त आहे. सरकारचा हेतू मान्य करून त्यांनी अंमलबजावणीवर कठोर प्रहार केला. सहकारी बँकांना रोख व्यवहारास मज्जाव झाला, हा त्यांचा आक्षेप आम्हांस विशेष मार्मिक वाटतो. असंघटित श्रमिकांचेही त्यांस विस्मरण झाले नाही. तथापि राष्ट्रीय उत्पन्नातील दोन टक्के घटीचा त्यांचा हिशेब जव्हार-मोखाड्यास अपुरा पडतो. दिवाळीनंतर तेथील आदिवासी कुटुंबे वीटभट्ट्यांवर मजुरीस उतरतात. ८ नोव्हेंबरला पाचशे-हजारांच्या नोटा रद्द झाल्या त्या नेमक्या याच सुमारास. रोख मजुरी अडली की चूल पेटत नाही. हे दुःख टक्केवारीत मावत नाही; भाषणाची थोरवी मानूनही ही उणीव आम्ही नमूद करतो.