नवजाताचा शोक : करुणरसाच्या चर्चेतील एक उणीव

करुणरसाचा स्थायी भाव शोक, आणि इष्टाचा नाश हे त्याचे कारण, एवढे आपले काव्यशास्त्र स्पष्ट सांगते. गेलेल्या माणसाचे गुण, त्याचे बोलणे-चालणे, त्याच्या सहवासातील प्रसंग यांच्या स्मरणाने हा शोक उद्दीपित होतो. कालिदासाचा अजविलाप घ्या किंवा रतिविलाप घ्या, विलापाची सामग्री हीच आहे. परंतु जे मूल जन्मून काही घटकांत अथवा काही दिवसांत गेले, त्याचे आईने स्मरण करावयाचे ते कशाचे? त्याचे गुण प्रकटलेले नाहीत, ते बोललेले नाही, पुष्कळदा त्याला नावही मिळालेले नाही. स्मरणाचा आधार नसलेला हा शोक आपल्या समीक्षेने कधी करुणात, तर कधी वात्सल्यात जमा केला. त्याची सामग्री निराळी आहे, हे मात्र तपासले नाही.

या तपासणीसाठी बारामतीस जाणे सोयीचे आहे. मोरोपंत (१७२९-१७९४) बाबूजी नाईकांच्या आश्रयाने कऱ्हाकाठी राहिले आणि तेथेच त्यांनी ‘आर्याभारत’ व दशमस्कंधावरील ‘कृष्णविजय’ रचले. त्यांच्या यमकांच्या हौसेबद्दल आजवर पुरेसे बोल लावून झाले आहेत. त्यात येथे भर घालावयाची नाही. पाहावयाचे आहे ते एवढेच, की या दोन ग्रंथांच्या मूळ कथाविस्तारात नवजात अपत्य गमावलेल्या दोन माता आहेत : उत्तरा आणि देवकी. पंत पुराणिक होते. बारामतीच्या पुराणश्रवणास बसलेल्या स्त्रियांत असे मूल पुरून आलेल्या स्त्रिया नसतील, हे संभवत नाही.

या स्त्रियांना रूढीने काय दिले होते? मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायाप्रमाणे दोन वर्षांच्या आतील मुलास अग्निसंस्कार नाही आणि उदकदानही नाही. त्याला गावाबाहेर, लाकूड टाकावे तसे ठेवून यावयाचे. पाचव्या-सहाव्या दिवशी सटवाई येऊन कपाळी लिहून जाते, बाराव्या दिवशी बारसे होते. त्याआधी मूल दगावले तर ‘सटवीने लिहिले तेवढेच’ म्हणून बाया समजूत घालतात. या वाक्याने आईवरचा दोष टळतो खरा, पण तिचे तोंडही तेथेच बंद होते. मोठ्या माणसाच्या मरणाने घराला निदान दहा दिवस रडण्याची रीत मिळते. या मरणाला तीही नाही.

उत्तरेचा विलाप महाभारताच्या अश्वमेधपर्वात आहे. मृत जन्मलेल्या मुलाला मांडीवर घेऊन ती बोलते. आठवण्यासारखे काही नाही म्हणून ती दोन गोष्टी उसन्या घेते : मुलाच्या पित्याचे गुण आणि न घडलेला भविष्यकाळ. मुलाला घेऊन कृष्णाला वंदन करावे अशी तिची आशा होती. ऊठ, कृष्णाला नमस्कार कर, असे ती त्याला सांगते. येथे स्मृतीची जागा मोडलेल्या बेताने घेतली आहे. मात्र कृष्ण मुलाला जिवंत करतो, वंश राहतो, आणि उत्तरेचा शोक त्या चमत्काराची केवळ प्रस्तावना ठरतो. आनंदीबाई जोशी यांच्या चरित्राचे वाचनही आपण असेच करतो. दहा दिवसांचे त्यांचे मूल वैद्यकीच्या शिक्षणाचे ‘कारण’ होऊन बसते, आणि चौदा वर्षांच्या त्या आईपाशी आपण थांबत नाही.

देवकीची गोष्ट अधिक अवघड, म्हणून अधिक मोलाची आहे. भागवताच्या दशमस्कंधातील पंच्याऐंशीव्या अध्यायापर्यंत सर्व काही मिळालेले आहे. कंस मेला, द्वारका वसली, मुलाला भगवान म्हणून लोक पूजितात. तरीही ही वृद्ध स्त्री कृष्णाजवळ मागते ती कंसाने मारलेली आपली सहा मुले. गुरूचा मुलगा तू परत आणलास असे ऐकले, मग माझेही आण, असा तिचा युक्तिवाद आहे. थोर पुत्र लाभल्याने आधीच्या सहांचा हिशेब मिटतो, हे तिला मान्य नाही. कृष्ण सुतलातून मुले आणतो, आणि त्यांना पाहताच तिला पान्हा फुटतो. ती त्यांना अंगावर पाजते. पिऊन झाल्यावर मुले स्वर्गास जातात, म्हणजे तिच्या हातून पुन्हा जातात. भागवतकार तिला विस्मित झालेली दाखवून प्रसंग आवरता घेतो. येथे तो घाई करतो, असे मला वाटते.

तरी पान्ह्याची त्याची निवड अचूक आहे. विश्वनाथाने वत्सल हा निराळा रस मानला. रूप गोस्वामींनी आठ सात्त्विक भावांत आईपुरता नववा घातला, तो स्तन्यस्राव. पण दोघांच्याही डोळ्यांसमोर पिणारे मूल आहे. वार पडल्यावर दोन-चार दिवसांत दूध उतरते. मूल जगले की नाही, याची वाट ते पाहत नाही. मूल पुरून आल्यावर ओली होणारी चोळी हा कोणत्या रसाचा अनुभाव मानावा? वात्सल्याला लागणारे आलंबन तेथे नाही, आणि करुणाला लागणारी स्मृतीही नाही. जे आहे ते शरीराचे.

दुसरी सामग्री मोजदादीची. इकडच्या म्हाताऱ्या बाईला मुले किती, असे विचारले तर पुष्कळदा दोन आकडे येतात : झाली सात, हायेत चार. देवकीचे मागणे याच हिशेबातले आहे. इंदापूर तालुक्यातील निमगाव केतकीसह शेकडो गावांतून गी प्वातवां व हेमा राईरकर यांनी जमविलेल्या जात्यावरच्या ओव्यांची संख्या एक लाखाच्या वर आहे. ओवीत मुलगा राघू होतो, मुलगी मैना होते. हाक मारण्यासाठी कुणीतरी समोर असावे लागते. शिवाय आपल्या ओवीसंग्रहांची मांडणी बहुधा नात्यांप्रमाणे असते, त्यामुळे न राहिलेल्या मुलाला तेथे स्वतंत्र जागा मिळणे कठीण. विद्यार्थ्यांनी हा शोक ‘मृत्यू’ या सदरात धुंडाळू नये. पाळणा, सटवाई, ओटी आणि दूध यांवरच्या ओव्या पुन्हा एकदा वाचाव्यात, आणि गाणारणीला मुलांची संख्या विचारताना दोन्ही आकडे टिपून घ्यावेत.