‘मित्राची गोष्ट’ आणि ‘कोबाल्ट ब्ल्यू’ : निवेदकाचे स्थान व आकर्षणाची विविधता

मराठी साहित्यात समलिंगी आकर्षणाचे चित्रण विरळ आहे. ज्या मोजक्या कलाकृतींनी हा विषय हाताळला, त्यांचे मूल्यमापन बहुधा ‘धाडस’ या एकाच निकषावर होत आले. धाडस मान्य केले तरी, ही कथा सांगण्याचा अधिकार कोणाला मिळतो, हा प्रश्न उरतोच. या दृष्टीने विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ (१९८१) हे नाटक आणि सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्ल्यू’ (२००६) ही कादंबरी यांची तुलना उद्बोधक ठरते.

तेंडुलकरांची नायिका सुमित्रा देव, म्हणजेच मित्रा. ‘मित्राची’ हे षष्ठीचे रूप ‘मित्र’ या पुल्लिंगी नामाचेही असू शकते आणि ‘मित्रा’ या स्त्रीनामाचेही. रूढ लिंगभेदाची चौकट शीर्षकातच सैल होते. निवेदन मात्र बापूचे आहे. तो मित्रावर प्रेम करतो, तिचा नकार स्वीकारतो, नमाच्या भेटीसाठी तिला आपली खोलीही देतो. त्याची सहानुभूती अस्सल आहे. तथापि मित्राची इच्छा प्रेक्षकापर्यंत पोहोचते ती त्याच्या आकलनाच्या मर्यादेतच. मित्राच्या आत्महत्येने होणारा शेवट तिच्या प्रवृत्तीचा अटळ परिणाम म्हणून वाचणे गैर होय. कुजबूज, मत्सर आणि एकाकीपणा यांनी तो घडविला आहे.

‘कोबाल्ट ब्ल्यू’मध्ये तनय स्वतः बोलतो, तेही निघून गेलेल्या अनाम पेइंग गेस्टला उद्देशून. दुसऱ्या भागात त्याच पुरुषावर प्रेम करणारी बहीण अनुजा बोलते. भाऊ व बहीण यांच्या आकर्षणाला कादंबरी समान प्रतिष्ठा देते, कोणाच्याही प्रेमाचे समर्थन मांडत बसत नाही. परंतु अनुजाचे दुःख घरात उघड होते, तर तनयला आपला शोक लपवावा लागतो.

थोडक्यात, मित्राला श्रोता आहे, पण निवेदन तिचे नाही. तनयला निवेदन लाभले, पण श्रोता नाही. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून वगळले. तथापि ऐकून घेणारा माणूस निकालाने निर्माण होत नाही. वर्गात या कृती शिकविताना ‘समस्या’ म्हणून पात्राकडे बोट दाखविण्याऐवजी त्याच्या भोवतालच्या मौनाची चिकित्सा झाली, तरच आदर या शब्दाला अर्थ प्राप्त होईल.